थेंब टाकण्याआधी कानात कोणी पाहिले का?

जुलैतली संध्याकाळ. डोंबिवली स्टेशनातून बाहेर पडलेला लोंढा रिक्षाच्या रांगेकडे वळतो आणि त्यातला एकजण छत्री झटकत मेडिकलच्या काउंटरपाशी थांबतो. ‘‘कान ठणकतोय, काहीतरी ड्रॉप द्या.’’ काउंटरमागचा मुलगा मागे वळून फळीवरची एक बाटली काढतो, पिशवीत टाकतो, पैसे घेतो. दोन मिनिटांचे काम. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत पावसाळाभर हे दृश्य दिसते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. अलीकडे मात्र या संभाषणात आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे. ‘‘याने कानात आवाज तर सुरू होणार नाही ना?’’ ज्याच्या कानात आधीच रातकिड्यासारखी किरकिर किंवा कुकरच्या शिट्टीसारखा सूर चालू असतो, तो हा प्रश्न हमखास विचारतो. कुठेतरी वाचलेले असते की काही अँटिबायोटिक कानाला मारक असतात. मग एकतर तो बाटली घेऊनही थेंब टाकत नाही, किंवा बाटलीच घेत नाही.

त्याची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी बसली आहे. सुरक्षित थेंब कोणते, हे बाटलीवरच्या नावावरून ठरत नाही. कानाचा पडदा शाबूत आहे की नाही, यावरून ते ठरते, आणि ती गोष्ट काउंटरपलीकडून दिसत नाही.

मराठीत ‘कान फुटला’ असे आपण सहज म्हणतो. पू वाहू लागला की कान फुटला. शब्द रांगडा असला तरी शरीरशास्त्राशी तो बराच जुळतो. मध्यकर्णात साचलेल्या पुवाचा दाब असह्य झाला की पडदा फाटतो, पू बाहेर येतो आणि ठणका एकदम कमी होतो. पडदा शाबूत असताना बाहेरून टाकलेला थेंब कर्णनलिकेच्या तळाशी, पडद्याच्या अलीकडेच थांबतो. पडद्याला भोक असेल, तर तोच थेंब मध्यकर्णात उतरतो. मध्यकर्णाच्या आतल्या भिंतीत ‘गोल खिडकी’ नावाची एक बारीक जागा आहे. तिच्यावरचे आवरण मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ असते आणि त्याच्या पलीकडे अंतर्कर्णातला द्रव सुरू होतो. तिथल्या शंखाकृती नलिकेत ध्वनी टिपणाऱ्या सुमारे 15 हजार केसपेशी असतात. माणसाच्या बाबतीत या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानात येणाऱ्या आवाजाची मुळे पुष्कळदा या पेशींच्या नुकसानीत असतात. बाहेरून येणारा संदेश तुटला की मेंदू ती रिकामी जागा स्वतःच्या आवाजाने भरतो, असे याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते.

आता औषधांकडे. ज्यांच्याविषयी काळजी करायची, ती मुख्यतः एकाच कुळातली आहेत : अमायनोग्लायकोसाइड. जेंटामायसिन, नियोमायसिन, टोब्रामायसिन, फ्रामायसेटिन ही त्यातली कानाच्या आणि डोळ्यांच्या थेंबांत भेटणारी नावे. फ्रामायसेटिन म्हणजे वस्तुतः नियोमायसिनचाच एक घटक. सोफ्रामायसिन या मलमामुळे ते आपल्याकडे घराघरात पोहोचले आहे आणि कापण्या-भाजण्यावर वर्षानुवर्षे लावलेले औषध म्हणून ते निरुपद्रवीही वाटते. त्वचेवर लावण्यात आणि भोक पडलेल्या कानात ओतण्यात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

या कुळाचा कानावरचा परिणाम काही आज समजलेला नाही. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडले, क्षयरोगावर पहिल्यांदाच काहीतरी चालले म्हणून जग हरखले, आणि दोन-तीन वर्षांतच डॉक्टरांच्या लक्षात आले की इंजेक्शन घेणाऱ्या काही रुग्णांचा तोल जातो आहे. 1949 मध्ये आलेले नियोमायसिन तर श्रवणाला आणि मूत्रपिंडांना इतके घातक निघाले की इंजेक्शन म्हणून ते मागेच पडले. मलमे आणि थेंब यांतून ते उरले. क्षयाच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर कॅनामायसिनची इंजेक्शने दिली जात, आणि त्यांच्यापायी काही रुग्णांचा क्षय बरा झाला पण ऐकू येणे गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये कॅनामायसिनची शिफारस थांबवली.

इंजेक्शन वेगळे आणि थेंब वेगळे, असे कोणी म्हणेल. योग्य हरकत आहे. तिला उत्तर देण्यासाठी एकच उदाहरण पुरे. मेनिएर नावाच्या आजारात रुग्णाला चक्करीचे भयंकर झटके येतात. बाकी उपाय थकले की कानाचे तज्ज्ञ पडद्यातून सुई घालून मध्यकर्णात जेंटामायसिन सोडतात. हेतू जंतू मारण्याचा नसतो. त्या कानातला तोल सांभाळणारा भाग मुद्दाम निकामी करायचा असतो, म्हणजे चक्कर थांबते. मध्यकर्णात पोहोचलेले जेंटामायसिन आतपर्यंत जाते याचा याहून रोकडा पुरावा कोणता? हेच औषध पडद्याला भोक असलेल्या कानात महिनाभर सकाळ-संध्याकाळ ओतणे हा मग हलगर्जीपणाच ठरतो.

तरीही घाबरून जायचे कारण नाही, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. नियोमायसिन-जेंटामायसिनचे थेंब गेल्या अनेक दशकांत जगभर अगणित कानांत पडले आणि त्यातल्या बहुतेकांना काही झाले नाही. कारण बहुतेकांचा पडदा शाबूत होता. ज्यांचा नव्हता, त्यांच्याही मध्यकर्णात संसर्गामुळे सूज होती, गोल खिडकीवरचे आवरण जाड झाले होते आणि औषध आत शिरायला अडथळा होता. धोका वाढतो तो नंतर. पू थांबतो, सूज उतरते, आवरण पुन्हा पातळ होते, आणि माणूस ‘बाटली संपवायची’ म्हणून थेंब टाकतच राहतो. औषध वाया घालवू नये ही आपली मध्यमवर्गीय सवय इथे उलटते. ब्रिटनमधल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी म्हणूनच हे थेंब सरसकट बाद केले नाहीत. भोक असलेल्या कानात उघड संसर्ग असेल तरच द्यावेत आणि दोन आठवड्यांपलीकडे नेऊ नयेत, अशी त्यांची भूमिका आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये अधिक सरळ भूमिका घेतली : कानाला अपाय न करणारे औषध उपलब्ध असताना जोखमीचे वापरायचे कशाला? या वादात आम्हाला दुसरी बाजू पटते. कानात आधीच आवाज येत असलेल्या माणसाच्या बाबतीत तर नक्कीच.

ते कमी जोखमीचे औषध म्हणजे क्विनोलोन गटातले सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन, 0.3 टक्के ताकदीचे. कानाच्या संसर्गात नेहमी सापडणाऱ्या स्यूडोमोनास या चिवट जंतूवर ती चालतात आणि मध्यकर्णात उतरली तरी ऐकण्याला इजा करत असल्याचे आढळलेले नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने 1997 मध्ये ऑफ्लॉक्सासिनच्या थेंबांना पडदा फाटलेल्या कानासाठीही मान्यता दिली. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत कानाच्या थेंबांसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन आहे. म्हणजे हा काही श्रीमंतांचा पर्याय नव्हे. साध्या मेडिकलमध्येही तो स्वस्तात मिळतो.

इथे दुसरी एक भीती आडवी येते. क्विनोलोनच्या गोळ्यांनी स्नायूबंध दुखावतात, नसांना त्रास होतो, असे इशारे अमेरिकी नियामकाने दिले आहेत आणि 2016 मध्ये ते आणखी कडक केले आहेत. ते वाचून कानाचे थेंबही नाकारणारे लोक आहेत. हे इशारे पोटात घेतलेल्या आणि शिरेतून दिलेल्या औषधाविषयी आहेत. कानात टाकलेल्या चार-पाच थेंबांतून रक्तात जे उतरते ते नगण्य असते. क्विनोलोनचे थेंब अगदी निर्दोष आहेत असेही नाही. कानात ग्रोमेट, म्हणजे बारीक नळी बसवलेल्या अमेरिकी मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, हे थेंब घेतलेल्यांत पडद्याचे भोक मागे राहण्याचे प्रमाण जास्त दिसले. म्हणून हेही थेंब सांगितलेल्या दिवसांपुरतेच, आठवडा सांगितला असेल तर आठवडाच.

आता बाटलीवरची बारीक अक्षरे. आपल्याकडे एकाच नावाखाली चार प्रकारचे थेंब विकले जातात आणि फरक असतो तो शेवटच्या एका इंग्रजी अक्षराचा. कुठे ‘डी’ म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, कुठे ‘एन’ म्हणजे नियोमायसिन. डॉक्टरांनी लिहिलेली बाटली नसली की ‘तेच आहे, दुसऱ्या कंपनीचे’ म्हणून जे हातात येते त्यात नेमके हेच अक्षर बदललेले असू शकते. नावाकडे दुर्लक्ष करून घटकांची ओळ वाचावी. शेवटी ‘मायसिन’ आले की सावध व्हावे, असा सोपा आडाखा कोणी सांगितला तर तो अर्धवट आहे. एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन वेगळ्या कुळातली आहेत. ध्यानात ठेवायची नावे चारच, आणि ती वर आली आहेत. क्लोरॅम्फेनिकॉल, बुरशीचे औषध, स्टेरॉइड आणि भूल देणारे लिडोकेन अशी चौकडी एकत्र असलेले थेंबही आपल्याकडे फार खपतात. काय झाले आहे ते न पाहता सगळ्यावर एकदम मारा, असा तो हिशेब. मळ पातळ करणारे टर्पेंटाइनयुक्त थेंब तर पडदा शाबूत असल्याची खात्री नसताना टाकूच नयेत.

आणि मुळात अँटिबायोटिक हवे आहे का? उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या या दमट पट्ट्यात जून ते सप्टेंबर कानात बुरशी होणे अगदी नित्याचे. कान खाजतो, दडा बसतो, आत भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा काळा-पांढरा लगदा साचतो आणि दडा बसला की आतला आवाज मोठा वाटू लागतो. अशा कानात अँटिबायोटिकचे थेंब टाकले तर बुरशीला आवर घालणारे जंतूच मरतात आणि बुरशी माजते. तिथे कान साफ करून क्लोट्रिमॅझोल लागते. कधी नुसता मळ घट्ट झालेला असतो आणि तो काढला की आवाज जागेवर थांबतो. कानात पाहिल्याशिवाय यातले काय आहे हे कोणालाही सांगता येणार नाही, डॉक्टरांनाही नाही.

पडद्याला भोक असल्याचे पुष्कळांना ठाऊकच नसते. लहानपणी कान वाहायचा, मग आपोआप थांबला, एवढीच आठवण असते. डोंबिवलीकरांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी एमआयडीसीत झालेल्या स्फोटांनी दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. स्फोटाच्या दाबलहरीला शरीराचा जो भाग सर्वांत आधी हार जातो तो कानाचा पडदा. त्या दिवसापासून एका कानाने कमी ऐकू येत असेल किंवा आवाज येत असेल, तर तो पडदा कोणीतरी पाहिलेला असला पाहिजे. कानफटात बसल्यानेही पडदा फाटतो, कानकोरण्याने तर फाटतोच. स्टेशनाबाहेर सळई आणि कापूस घेऊन बसणाऱ्यांकडे कान सोपवणारेही अजून आहेत. घरच्या घरी ओळखण्याची एक खूण मात्र आहे. थेंब टाकल्यावर थोड्या वेळाने घशात कडू चव उतरली, तर औषध पडद्यापलीकडे गेले असे समजावे आणि डॉक्टरांना सांगावे.

लसूण तळून कोमट केलेले तेल कानात सोडण्याची चाल अजून घराघरांत आहे. आजीच्या हाताला गुण होता हे मान्यच, पण आजीला पडदा दिसत नव्हता. भोकातून आत गेलेले तेल सहजी बाहेर निघत नाही. आयुर्वेदात कर्णनादाला स्वतंत्र रोगाचा मान आहे आणि सुश्रुताने कानाचे 28 रोग मोजले आहेत. त्या परंपरेतला जाणता वैद्यही वाहत्या कानात तेल भरायला आधी विचार करील.

आता या सगळ्याला थोडे प्रमाणात पाहू. ठाणे-कल्याण पट्ट्यात ज्यांच्या कानात आवाज येतो, त्यातल्या फार थोड्यांना तो थेंबांनी आलेला असतो. वय, मोठा आवाज, दीर्घकाळ वाहिलेला कान ही नेहमीची कारणे. कारखान्यातली यंत्रे आहेत, लोकलमध्ये गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवून लावलेले इअरफोन आहेत, आणि उत्सवांतल्या स्पीकरच्या भिंती आहेत. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांनी या गोंगाटाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली. तीवर ऑगस्ट 2016 मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सविस्तर निकाल दिला. निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांतच आहे. ती मिरवणुकीच्या वाटेवर कुठे दिसते, हे वाचकांनीच आठवून पाहावे. रात्रभर ढोलाच्या आणि स्पीकरच्या समोर उभे राहायचे आणि सकाळी थेंबांच्या बाटलीवर संशय घ्यायचा, हा न्याय उलटा आहे.

थेंबांच्या भीतीने संसर्ग तसाच ठेवणे हे त्याहून वाईट. वर्षानुवर्षे वाहणारा कान मध्यकर्णातली हाडे खातो, त्यातली विषारी द्रव्ये त्याच गोल खिडकीतून आत झिरपतात आणि ज्या केसपेशी वाचवायच्या म्हणून औषध टाळले, त्याच जातात. मधुमेही वृद्धाच्या कानात रात्री झोप उडवणारा ठणका असेल, तर संसर्ग कवटीच्या हाडात शिरत असण्याची शक्यता असते. तिथे थेंबांवर भागत नाही. आणि एका कानाने अचानक, एखाद्या सकाळी उठल्यावर, ऐकू येईनासे झाले आणि आवाज सुरू झाला, तर तो मळ समजून थेंब टाकत बसू नये. या विकारात स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो. ‘बघू चार दिवस’ म्हणता म्हणता ती मुदत निघून जाते.

थेंब टाकायची रीतही कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. बाटली पाच मिनिटे मुठीत धरून अंगाइतकी कोमट करावी. गार थेंबांनी गरगरते आणि माणूस औषधालाच दोष देतो. वाहता कान आधी स्वच्छ कापसाच्या वातीने टिपून कोरडा करावा, नाहीतर औषध पुवावर तरंगते. कुशीवर झोपून थेंब टाकावेत, कानाच्या भोकापुढचा कूर्चेचा उंचवटा चार-पाच वेळा हलके दाबावा आणि पाच मिनिटे तसेच पडून राहावे. डोळ्याचे थेंब डॉक्टरांनी सांगितल्यास कानात चालतात, पण कानाचे थेंब डोळ्यात कधीही नाही. औषध सुरू असताना आवाज वाढला, ऐकू कमी आले किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर थेंब थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

डॉक्टरांना आपणहून सांगायच्या गोष्टीही आहेत. कानात आधीपासून आवाज येतो. लहानपणी कान वाहत होता. आईकडच्या नात्यात कोणाला इंजेक्शनांनंतर बहिरेपण आले होते. ही तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आईकडून मुलांकडे येणाऱ्या एका जनुकीय दोषामुळे काहींचे कान या औषधांना फारच हळवे असतात. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2021 मध्ये डॉक्टरांना त्याची मुद्दाम आठवण करून दिली. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तोही सांगावा.

कायद्याने अँटिबायोटिक शेड्यूल ‘एच’ मध्ये मोडते आणि चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. मेडिकलवाल्यांना हे आमच्याइतकेच माहीत आहे. पण सगळा दोष काउंटरवर टाकून चालणार नाही. ऑटोस्कोप, म्हणजे कानात पाहण्याची छोटी बॅटरी, हे महागडे यंत्र नव्हे. तरी ‘कान दुखतो’ म्हटल्यावर ती न उचलता चिठ्ठी लिहिणारे दवाखाने आपल्या आसपास आहेत. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या रांगा किती लांब असतात हे सर्वांना ठाऊक आहे. ती रांग टाळण्यासाठीच माणूस मेडिकलकडे वळतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी आपापल्या वॉर्डांतल्या प्रत्येक दवाखान्यात एक चालू ऑटोस्कोप आणि तो वापरायला शिकलेला एक डॉक्टर एवढे केले, तरी पावसाळ्यातले निम्मे तर्क संपतील. पुढचे अर्थसंकल्प मांडताना नगरसेवकांनी ही एक ओळ मागून घ्यावी. आणि तोवर, ज्यांच्या कानात आज थेंब पडणार आहेत त्यांनी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिण्याआधी थांबवून विचारावे : ‘‘पडदा बघितलात का?’’